दप्तर नसलेल्या कंपनीचा इतिहास : पॅरामाउंटच्या ब्लूज-तबकड्या

(१)

ज्या संस्थेचें दप्तर नष्ट झालें, जिच्या चालकांनीं मुद्रणाची एक नोंदवहीहि मागें ठेविली नाहीं, तिचा इतिहास लिहितां येईल काय? येत असल्यास तो कोणत्या साधनांवरून लिहावा, व त्या साधनांचें बलाबल कसें ठरवावें? हे प्रश्न आमच्या वाचकांस नित्याचे आहेत. वाडे पडले, दप्तरें वाणसामानाच्या पुड्यांस गेलीं, आणि उरलेल्या चार रुमालांवरून घराण्याची हकीगत जुळवावी लागली, असे प्रसंग प्रत्येक संशोधकाच्या अनुभवांत असतील. त्याच प्रश्नाचें एक अगदीं निराळ्या मुलखांतील उदाहरण प्रस्तुत लेखांत मांडण्याचा आमचा हेतु आहे. तें कागदांचें नसून तबकड्यांचें आहे. देश अमेरिका, काळ इ. स. १९१७ च्या सुमारापासून १९३२ पर्यंतचा, आणि विषय पॅरामाउंट या नांवाच्या ध्वनिमुद्रिका काढणारी एक लहानशी कंपनी. त्याच नांवाच्या चित्रपटसंस्थेशीं हिचा कांहीं संबंध नाहीं.

आमचा मुद्दा प्रथमच सांगून ठेवितों. ह्या कंपनीनें जें निर्माण केलें त्याचें मोल तिला कळलें नाहीं, आणि जें राखावयास पाहिजे होतें तें तिनें भंगारांत घातलें. तरीहि तो ठेवा आज बव्हंशीं उपलब्ध आहे. तो निर्मात्यांमुळें राहिला नाहीं. गरीब खरेदीदारांच्या घरांतील पेट्यांमुळें व मागाहून आलेल्या कांहीं संग्राहकांच्या चिकाटीमुळें राहिला. परंतु संग्राहकांच्याच वर्गांत जें दुसरें एक वर्तन दिसून येतें तेंहि सांगणें प्राप्त आहे. कारण त्यांत आपणां सर्वांस इशारा आहे.

(२)

वाचकांपैकीं पुष्कळांस ब्लूज हा शब्द अपरिचित असेल, म्हणून त्याविषयीं थोडें लिहितों. अमेरिकेंत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. त्यानंतरच्या एक-दोन पिढ्यांत दक्षिणेकडील आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा गानप्रकार उदयास आला. त्याचें कडवें बहुधा तीन चरणांचें असतें. पहिला चरण दुसऱ्यांदां म्हणावयाचा व तिसऱ्यानें त्यास उत्तर द्यावयाचें. विरह, दारिद्र्य, तुरुंग, पूर, आगगाडी, शेतमालकाचा जाच हे त्याचे नेहमींचे विषय. गाणारे बहुधा अल्पशिक्षित. गाणें एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जाई व जातांना बदले. अशा विद्येचें पहिलें लेखन म्हणजे तबकडी होय.

१० ऑगस्ट १९२० रोजीं मेमी स्मिथ ह्या गायिकेनें ओके नांवाच्या कंपनीसाठीं ‘क्रेझी ब्लूज’ हें गाणें मुद्रित केलें. त्याचा खप पाहून काळे लोकहि मोठ्या संख्येनें तबकड्या विकत घेतात हें व्यापाऱ्यांस उमगलें, व एकामागून एक कंपन्या त्या लोकांकरितां स्वतंत्र माला काढूं लागल्या. अशा तबकड्यांस ‘रेस रेकॉर्ड’ म्हणत. पॅरामाउंटनें आपली माला १९२२ सालीं सुरू केली. तिचे क्रमांक १२००० पासून सुरू होतात आणि १३००० च्या पुढें जाऊन १९३२ मध्यें संपतात. ह्या अकराशेंहून अधिक क्रमांकांतच आमच्या विषयाचें सारें धन आहे.

(३)

कंपनीचा उगम पाहूं गेल्यास आश्चर्य वाटतें. विस्कॉन्सिन प्रांतांत मिशिगन सरोवराच्या कांठीं पोर्ट वॉशिंग्टन हें गांव आहे. तेथें १८८८ सालीं खुर्च्या करणारा एक कारखाना निघाला. त्यास पुढें एडिसनच्या फोनोग्राफसाठीं लाकडी पेट्या बनविण्याचें काम मिळालें. दुसऱ्यासाठीं पेट्या करतांना मालकांनीं स्वतःचींहि यंत्रें काढलीं, आणि यंत्रें खपावीं म्हणून तबकड्या काढल्या. म्हणजे संगीत हें येथें लांकूडकामाचें उपांग होतें. उपकंपनीचें नांव ‘न्यूयॉर्क रेकॉर्डिंग लॅबोरेटरीज’ असें ठेविलें, पण ठाणें विस्कॉन्सिनमध्येंच राहिलें. तबकड्या छापण्याचा कारखाना मिलवॉकी नदीवरील ग्राफ्टन ह्या लहान गांवीं होता. नांवावरून स्थळनिश्चय करणारा संशोधक येथें पहिल्याच पावलास फसावा!

तबकडी कशी तयार होई तें येथें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे. गायक प्रथम कर्ण्यासमोर व पुढील काळांत मायक्रोफोनसमोर गाई. त्या ध्वनीनें हलणारी सुई मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी रेघ कोरी. मेणावर विजेच्या साहाय्यानें धातूचा थर चढवून उलटा ठसा घेत. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून छापण्याचे उलटे ठसे तयार करीत. मधल्या सुलट्या ठशास त्या धंद्यांत ‘मदर’ म्हणजे माता म्हणतात, व प्रत्येक मुद्रणास जो क्रमांक देतात त्यास ‘मॅट्रिक्स’ क्रमांक. मूळ पोथीस ‘मातृका’ म्हणण्याचा प्रघात ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या मातृवाचक शब्दांचें साम्य जाणवल्यावांचून राहणार नाहीं. मातृका आहे तोंवर नक्कल केव्हांहि काढतां येते. मातृका गेली म्हणजे उरलेली प्रत्येक प्रत हीच प्रमाण.

छापली जाणारी तबकडी लाखेची असे व तींत दगडाची भुकटी इत्यादि भर मिसळलेली असे. जगांतील बहुतेक लाख त्या काळीं हिंदुस्थानांतून, विशेषतः छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांतून जाई. मिसिसिपीच्या मजुराचा आवाज आमच्याकडील पळस-कुसुंबावरच्या किड्यांनीं केलेल्या लाखेवर उमटे, एवढाच आपल्या देशाचा या प्रकरणाशीं प्रत्यक्ष संबंध. पॅरामाउंटनें मालमसाल्यांत फार काटकसर केली. तिच्या तबकड्या नव्या असतांनाहि खरखरत व लवकर झिजत. ही काटकसर पुढें संशोधकांच्या कानांस चांगलीच भोंवली.

(४)

कंपनीपाशीं मोठें भांडवल नव्हतें, नामांकित गवयी नव्हते, शहरांत भव्य दुकानें नव्हतीं. म्हणून मोठ्या कंपन्या ज्या गिऱ्हाइकाकडे फारसें लक्ष देत नव्हत्या त्याच्याकडे ती वळली. ‘शिकागो डिफेंडर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत सचित्र जाहिराती द्याव्या व टपालानें माल धाडावा, अशी तिची रीत होती. हॅरी पेस ह्या कृष्णवर्णीय गृहस्थानें १९२१ सालीं चालू केलेल्या ब्लॅक स्वॉन कंपनीचा संग्रहहि १९२४ मध्यें पॅरामाउंटच्या ताब्यांत आला. गायक निवडण्याचें काम जे. मेयो विल्यम्स ह्याच्याकडे आलें. हा स्वतः कृष्णवर्णीय, ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर व नांवाजलेला फुटबॉलपटु होता. मा रेनी हिनें १९२३ पासून १९२८ पर्यंत नव्वदांहून अधिक गाणीं मुद्रित केलीं. टेक्ससमधील आंधळा गिटारवादक ब्लाइंड लेमन जेफरसन हा शिकागोंत येऊन मुद्रित झाला, आणि त्याच्या १९२६ सालच्या तबकड्यांच्या खपामुळें एकट्यानें गिटारवर गाणाऱ्या ग्रामीण पुरुष गायकांकडे साऱ्या धंद्याचें लक्ष गेलें.

१९२७ मध्यें विल्यम्सनें कंपनी सोडली. त्यानंतरचें काम आर्थर लेब्ली ह्यानें पाहिलें. मिसिसिपींतील जॅक्सन शहरीं एच. सी. स्पिअर हा वाद्यांचा दुकानदार गायक हुडकून कंपन्यांकडे पाठवीत असे. त्याच्या शिफारशीनें चार्ली पॅटन हा पॅरामाउंटकडे आला. १९२९ च्या सुमारास ग्राफ्टन येथेंच मुद्रणाची खोली तयार झाली, आणि त्या थंड, जर्मन वस्तीच्या गांवांत दक्षिणेकडील गायक येऊं लागले. १९३० सालीं पॅटन, सन हाउस, विली ब्राउन व पियानो वाजविणारी लुईझ जॉन्सन हीं चौघें एकाच खेपेस आलीं. १९३१ मध्यें स्किप जेम्स आला. त्याचीं अठरा मुद्रणें आज उपलब्ध आहेत. १९३० च्या खेपेचे आपणांस चाळीस डॉलर मिळाले असें सन हाउस पुढें सांगत असे. गाण्यांचे प्रकाशनहक्क मात्र बहुधा दुसऱ्याच्या नांवें चढत. ही गोष्ट विसरून ह्या कंपनीचें केवळ गुणगान करणें न्यायाचें होणार नाहीं.

(५)

आतां ह्या तबकड्यांकडे साधन म्हणून पाहूं. पॅटनचें ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ हें दोन भागांतील गाणें १९२७ च्या मिसिसिपी महापुराविषयीं आहे. ‘मिसिसिपी बोवीव्हिल ब्लूज’ हें कपाशीचा नाश करणाऱ्या किड्यावर आहे. सन हाउसचें ‘ड्राय स्पेल ब्लूज’ हें अवर्षणावर, व १९३० हें साल त्या खोऱ्यांत अवर्षणाचेंच होतें. सरकारी अहवालांत पुराचें पाणी किती फूट चढलें तें मिळतें. पाण्यापुढें पळणाऱ्या माणसास काय वाटलें तें येथें मिळतें. ‘टॉम रशेन ब्लूज’ ह्या गाण्यांतील पोलीस अधिकारी काल्पनिक नसून टॉम रशिंग ह्या नांवाचा प्रत्यक्ष मनुष्य होता. लेबल लिहिणाऱ्यानें ऐकलें तसें लिहिलें, एवढेंच.

लेबलावरील नांवांविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. जेफरसनचीं धार्मिक गाणीं ‘डीकन एल. जे. बेट्स’ ह्या नांवानें, तर पॅटनचीं ‘एल्डर जे. जे. हॅडली’ ह्या नांवानें निघालीं. पॅटनची १२८०५ क्रमांकाची तबकडी तर ‘मास्क्ड मार्व्हल’ म्हणजे मुखवट्याआडचा अद्भुत गायक ह्या नांवानें काढून, खरें नांव ओळखणारास एक तबकडी बक्षीस लावली होती. सर्वांत बोधप्रद उदाहरण १९३० सालच्या दोन गायिकांचें. त्यांचीं नांवें लेबलावर गीशी वायली व एल्व्ही थॉमस अशीं छापलीं आहेत. ‘एल्व्ही’ हें नांवच नव्हतें. बाईंस सारे एल. व्ही. म्हणत, आणि लिहिणारानें दोन आद्याक्षरांचा एक शब्द केला. आमच्या पोथ्यांतील लेखकप्रमादांचे जे प्रकार आम्ही नेहमीं सांगतों, त्यांत हा सहज बसेल.

(६)

१९२९ च्या अखेरीस आलेल्या मंदीनें तबकड्यांचा धंदा कोसळला. १९३२ मध्यें पॅरामाउंटचें मुद्रण थांबलें, आणि पुढील दोन-तीन वर्षांत ग्राफ्टनचा कारखानाहि बंद झाला. धातूचे ठसे भंगाराच्या भावानें गेले. कांहीं पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यांस ठोकले गेले असेंहि सांगतात. मुद्रणाच्या नोंदवह्या राहिल्या नाहींत. पुढें १९४२ सालीं महायुद्धामुळें लाखेचा तुटवडा पडला. सरकारनें तिच्या वापरावर निर्बंध घातले व जुन्या तबकड्या मोडींत जाऊं लागल्या. त्यांत किती दुर्मिळ माल विरघळला असेल त्याची गणती नाहीं.

काम गेल्यामुळें चिडलेल्या कामगारांनीं शिल्लक तबकड्या मिलवॉकी नदींत भिरकावल्या, अशी एक आख्यायिका ग्राफ्टनमध्यें प्रचलित आहे. २००६ सालीं एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठीं पाणबुडे उतरवून नदीचा तळ शोधण्यांत आला. तबकड्या मिळाल्या नाहींत. एवढ्यावरून आख्यायिका खोटी ठरत नाहीं, कारण सत्तर वर्षांचा प्रवाह व गाळ यांचाहि विचार केला पाहिजे. पण तिला प्रमाण मानतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. अनुपलब्धि हें अभावाचें प्रमाण केव्हां होतें ह्याविषयीं शास्त्रकारांनीं जी मर्यादा घातली आहे, ती येथें उपयोगी पडते: वस्तु असती तर ती दिसलीच असती, असें जेथें म्हणतां येतें तेथेंच तिच्या न दिसण्यास किंमत आहे.

(७)

दप्तर नसतांना कालनिर्णय कसा केला? त्याचें उत्तर मॅट्रिक्स क्रमांकांत आहे. लेबलालगतच्या कोऱ्या जागेंत कोरलेले हे आंकडे मुद्रणाच्या क्रमानें चढत जातात. कांहीं तारखा वृत्तपत्रांतील जाहिरातींवरून निश्चित झाल्या कीं मधल्या आंकड्यांच्या तारखा अनुमानानें बसवितां येतात. पॅटनच्या पहिल्या खेपेची तारीख मात्र निश्चित आहे, ती १४ जून १९२९. ही खेप इंडियाना प्रांतांत रिचमंड येथें जेनेट कंपनीच्या जागेंत झाली, आणि जेनेटच्या वह्या शिल्लक आहेत. उलट ग्राफ्टनमधील १९३० च्या त्या प्रसिद्ध खेपेचा महिना अजून वादग्रस्त आहे. यजमानाचें दप्तर गेलें असतां शेजाऱ्याच्या दप्तरावरून तिथि ठरावी, हा अनुभव आमच्याकडेहि नवा नाहीं.

डिक्सन व गॉडरिच ह्या दोघां इंग्रज अभ्यासकांनीं १९४२ पर्यंतच्या ब्लूज-मुद्रणांची सूचि केली, आणि मॅक्स व्रेडे ह्या डच गृहस्थानें पॅरामाउंटच्या ह्याच मालेची स्वतंत्र सूचि १९७१ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष तबकड्या मिळविण्याचें काम याहून कष्टाचें. गेल डीन वॉर्डलो ह्यानें १९६० नंतरच्या वर्षांत मिसिसिपींतील कृष्णवर्णीय वस्त्यांतून दारोदार हिंडून जुन्या तबकड्या विकत घेतल्या, व त्यासोबत मृत्युनोंदी व वृद्धांच्या आठवणीहि जमविल्या. ज्या घरांत तबकडी पाऊण डॉलर देऊन घेतलेली होती, तेथें ती पलंगाखालीं किंवा ओसरीवरच्या पेटींत तीस वर्षें राहिली होती. कंपनीनें जें टाकलें तें मजुराच्या घरानें सांभाळलें.

शोध अद्याप संपलेला नाहीं. सन हाउसच्या १९३० च्या खेपेंतील १३०९६ क्रमांकाची तबकडी ७० हून अधिक वर्षें केवळ नांवानें ठाऊक होती. तिची प्रत सांपडून २००६ मध्यें ती पुन्हां प्रसिद्ध झाली. विली ब्राउनची १३०९९ क्रमांकाची तबकडी मात्र अद्याप कोणाच्याहि हातीं लागलेली नाहीं. टॉमी जॉन्सनच्या १२९५० क्रमांकाच्या तबकडीची एक प्रत २०१३ सालीं ३७,१०० डॉलरांस विकली गेली. गायकाच्या पदरीं पडलेल्या बिदागीशीं ह्या आंकड्याची तुलना वाचकांनींच करावी.

(८)

कंपनी बुडाली तरी तिच्या तबकड्यांचें कार्य थांबलें नाहीं. रॉबर्ट जॉन्सन ह्या गायकानें १९३६ सालीं मुद्रित केलेलें ‘३२-२० ब्लूज’ हें स्किप जेम्सच्या पॅरामाउंट तबकडीवरील ‘२२-२० ब्लूज’ ह्याचें उघड रूपांतर आहे. पोथीवरून पोथी उतरावी तसें गाण्यावरून गाणें उतरलें. सन हाउसचें ऋण मडी वॉटर्सनें स्वतः सांगितलें आहे, आणि हाउलिन वुल्फ हा प्रत्यक्ष पॅटनपाशीं शिकला. ह्या दोघांनीं शिकागोंत जें विजेच्या गिटारीचें संगीत उभारलें, त्यावर पुढें इंग्लंडमधील तरुण वादकांची एक सबंध पिढी पोसली. १९५२ सालीं हॅरी स्मिथनें काढलेल्या लोकगीतसंग्रहांत जेफरसन व ‘मास्क्ड मार्व्हल’ ह्यांच्या पॅरामाउंट तबकड्या आल्या. १९६० च्या सुमारास ओरिजिन जॅझ लायब्ररी ह्या संग्राहकांच्याच लहान संस्थेनें पॅटनच्या गाण्यांनीं आपल्या मालेचा आरंभ केला. १९६४ सालच्या जून महिन्यांत स्किप जेम्स व सन हाउस हे दोघेहि हयात सांपडले. एक मिसिसिपींतील रुग्णालयांत, दुसरा न्यूयॉर्क प्रांतांतील रॉचेस्टर शहरीं. उतारवयांत त्यांस पुन्हां श्रोते मिळाले. १९६६ मध्यें क्रीम ह्या इंग्रज वाद्यवृंदानें जेम्सचें ‘आय ॲम सो ग्लॅड’ हें गाणें मुद्रित केलें.

हा सारा प्रभाव एका गोष्टीवर उभा आहे: ज्यांच्यापाशीं एकुलती एक प्रत होती, त्यांनीं ती नक्कल करण्यासाठीं बाहेर काढिली. ह्याच्या उलट उदाहरणहि आहे. वर उल्लेखिलेल्या एल. व्ही. थॉमस ह्यांस मॅक मॅकॉर्मिक नांवाचा संशोधक १९६१ सालीं ह्यूस्टन येथें भेटला होता. त्या बाई १९७९ पर्यंत हयात होत्या. परंतु त्या भेटीची हकीगत जगापुढें आली २०१४ सालीं. मधल्या काळांत साऱ्या अभ्यासकांनीं ‘एल्व्ही’चा शोध चालविला होता, आणि ती कोण हें एका संग्राहकाच्या टिपणांत लिहून ठेवलेलें होतें. त्यानें टिपणें जाळलीं नाहींत, विकलीं नाहींत. केवळ आपल्यापाशीं ठेविलीं. तेवढ्यानें विचारण्याची वेळ निघून गेली.

(९)

येथें आमची एक चूक कबूल करितों. निवृत्तीपूर्वीं कांहीं वर्षें शाळेच्या कोठीची यादी करण्याचें काम आमच्याकडे होतें. माळ्यावर लाखेच्या जुन्या तबकड्यांची एक पेटी निघाली. यंत्र बंद पडलेलें, सुया नाहींत, कांहीं तबकड्यांस तडे गेलेले. आम्हीं नोंदवहींत ‘निरुपयोगी’ असा शेरा लिहून सही केली, व पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. लेबलें उतरून घेण्यास अर्धा तास पुरला असता. आयुष्यभर मुलांस पाठभेदांचें महत्त्व सांगणाऱ्या मनुष्याच्या हातून हें घडलें. म्हणून ग्राफ्टनच्या व्यवस्थापकांस दोष देतांना आमची लेखणी अडखळते. त्यांसहि तो माल त्या दिवशीं निरुपयोगीच दिसला असावा.

तात्पर्य इतकेंच. निर्मात्याच्या दप्तरावर सर्वस्वीं विसंबूं नये. उपभोक्त्याच्या घरींहि इतिहास असतो, आणि पुष्कळदां तेथेंच तो टिकतो. ज्यांच्या संग्रहीं पोथी, पत्र किंवा तबकडी अशी एकच प्रत असेल, त्यांनीं ती कोणास द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण तिची नक्कल होऊं द्यावी, व आपल्यापाशीं काय आहे त्याची यादी आपल्या हयातींत प्रसिद्ध करावी. विली ब्राउनची तबकडी आजहि कोणाच्या माळ्यावर असेल. ती असल्याचें माळ्याच्या धन्यास ठाऊक नसेल तर त्यास बोल नाहीं. ठाऊक असून तो गप्प असेल, तर ती तबकडी नदीच्या तळाशीं असल्यासारखीच आहे.